खाडीकाठच्या पूरग्रस्त गावाला नागपूरहून काय पाठवावं?

भाऊ, तुमच्या त्रिमूर्तीनगरच्या मंडळाने कपडे, चादरी आणि थोडी रक्कम जमवली आहे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात जुलैच्या पुराचं पाणी घरांत शिरलं, तर ट्रकमध्ये आणखी काय भरायचं, असा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, ट्रक भरूच नका. नऊशे-हजार किलोमीटरच्या भाड्यात तिथे दोन-चार घरांची मासेमारीची जाळी येतील. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर आमचा गट तिकडे गेला होता. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते आणि चिखल ओढायला फावडी मिळत नव्हती. पैसे न्या, सामान तिकडच्याच बाजारात घ्या. तो दुकानदारही पुरातूनच वर येत असतो.

माणसं मात्र इथून न्या. एक वायरमन, एक मोटार रिवाइंडिंगवाला आणि कागदपत्रं नीट भरणारी एक व्यक्ती. बुडालेला पंप तसाच चालू केला की जळतो. तो उघडून, वाळवून, मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासावा लागतो. घरातली वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विचला कोणी हात लावू नये.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी आपल्याकडे घरांत आलं, तो चिखल तुम्ही पाहिला असेल. खाडीकाठी त्यात मिठाची भर पडते. विहीर खारी झाली म्हणून मोठा पंप लावून रात्रंदिवस उपसू नका. खाडी जवळ असली तर खालून आणखी खारं पाणी ओढलं जातं. थोडं थोडं उपसायचं, बाकी काम पाऊस करतो. मग टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. आधी पाणी किती ते मोजा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि ७८५ ने गुणा. आलं तेवढे लिटर पाणी. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर चालते, पुरानंतर ती पुरत नाही. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे दाखवणारी चाचणी) पिवळा रंग येतो का ते ग्रामपंचायतीच्या माणसाकडून बघून घ्या. तोवर पाणी उकळूनच प्यायचं. चिखलात उतरणाऱ्या तुमच्या पोरांना गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा धोका. त्यावरचं डॉक्सिसायक्लिन औषध आरोग्य केंद्रात विचारून घ्या, आपल्या मनाने वाटू नका.

पंचनाम्याआधी घर धुऊन काढायची घाई नको. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर, सगळ्याचे फोटो आधी. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा घरात कोणीतरी हजर हवं. पासबुक, आधार, रेशनकार्ड वाहून गेलं असेल तर तुमच्या कागदवाल्या माणसाने तिथेच बसून अर्ज लिहावेत. मदत बँक खात्यात येते, खातं बंद पडलेलं असेल तर अडकते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. भाड्याने राहणारे, दुसऱ्याच्या होडीवर जाणारे खलाशी आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायका. पावसाळ्यात विकायला साठवलेले बोंबील, सुकट भिजले की त्या बाईचं भांडवलच गेलं, आणि तिच्याकडे पावती कसली असणार?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते. म्हणजे पूर आला तेव्हा जाळी, इंजिनं घरात नाहीतर शेडमध्ये होती. ऑगस्टमध्ये होड्या सुटायच्या, त्याआधी इंजिन दुरुस्त झालं तर तो माणूस पुढे तुमच्याकडे काही मागणार नाही. माझ्या मते तुमची निम्मी रक्कम तिथेच जावी.

भाताची लावणी वाहून गेली असेल तर भंडारा-गोंदियाचं बियाणं घेऊन जाऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला विचारा. उशीर झाला तर हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या जातीचं मोड आलेलं बी रहू पद्धतीने, म्हणजे रोपं न लावता थेट चिखलात फेकून टाकता येतं. खारवट जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या वेगळ्या जाती आहेत.

आणि निघण्याआधी सरपंचांना उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या तारखा विचारा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला खालचा रस्ता पाण्याखाली जातो, आपल्या नागपूरकरांच्या ते डोक्यातही येत नाही. कोणत्या घराला काय हवं याची यादीही त्यांच्याकडून आणि तिथल्या बचत गटाच्या बायकांकडून, दोन्हीकडून वेगवेगळी घ्या. त्या दोन याद्या सहसा जुळत नाहीत.