आजोबांच्या ट्रंकेतल्या घाटाच्या फोटोत दोन रूळ वेगवेगळ्या उंचीवरून येऊन कड्याशीच संपतात, मागे नागफणीचा सुळका (ड्यूक्स नोज) दिसतो. हे कुठलं स्टेशन आणि कधीचं?

नागफणी नक्की दिसत असेल तर हे बोरघाटातलं खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन आहे आणि फोटो १८६३ ते १९२९ मधला आहे. घाटातली रेल्वे १८६३ ला सुरू झाली तेव्हा चढ १:३७ चा (३७ फुटांत एक फूट) आणि डोंगराच्या टोकाला वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून गाडी सरळ कड्यापर्यंत यायची, थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मग उलट दिशेने पुढचा चढ चढायची. तुम्हाला रूळ तिथेच संपलेले दिसतायत ते यामुळेच. १९२९ मध्ये नवी लाइन आली आणि हे स्टेशन बंद झालं, घाटात विजेची इंजिनंही त्याच सुमारास आली, त्यामुळे रुळांच्या वर विजेच्या तारा नाहीत ना ते भिंग घेऊन बघा. इंजिनही नीट बघा, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी बसवलेली असेल तर ते घाटासाठी मुद्दाम बनवलेलं जुनं इंजिन, म्हणजे फोटो बराच आधीचा.

फक्त एक, कसाऱ्याच्या थळघाटातही असंच रिव्हर्सिंग होतं, म्हणून नुसत्या रुळांवरून ठरवू नका, मागचा सुळका नागफणीच आहे का ते आजच्या फोटोशी ताडून बघा. आणि ते पोस्टकार्ड असेल तर शिक्क्यावरची तारीख धरू नका, एकच फोटो वर्षानुवर्षं छापत राहायचे. फोटो प्लास्टिकमध्ये ठेवू नका प्लीज, मुंबईच्या दमट हवेत चिकटतो.