पॉकेट सिनेमा 4K साठी कमी पैशात फास्ट लेन्स: f/0.95 घ्यावी का?

तुमच्याकडे ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा 4K आहे, रात्रीची शॉर्ट फिल्म करायची आहे, बजेट तुटपुंजं आहे आणि मन f/0.95 लेन्सवर गेलंय (f चा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश). माझं उत्तर: ती घेऊ नका. पहिली लेन्स म्हणून सॅमयांगची 35 मिमी T1.5 सिने लेन्स घ्या (T म्हणजे f सारखाच आकडा, पण प्रत्यक्ष आत येणाऱ्या प्रकाशाचा), आणि तीही EF माउंटची, म्हणजे कॅननच्या जोडणीची.

आधी कॅमेऱ्याकडे बघा. याचे नेटिव्ह ISO, म्हणजे सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेचे आकडे, दोन आहेत: 400 आणि 3200. ISO 1250 पासून सेन्सर वरच्या गेनवर जातो, म्हणून 1000 पेक्षा 1250 वर अंधाऱ्या भागात नॉइज कमी दिसतो. 3200 वर T2 सुद्धा रस्त्यावरच्या दिव्यांत बऱ्यापैकी पुरतो. f/0.95 ने T1.5 पेक्षा जेमतेम एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) प्रकाश मिळेल, पण पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर अशा स्वस्त काचा मऊ पडतात, दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात. मग तुम्ही ती f/1.4 वर आणूनच वापरणार.

दुसरी अडचण फोकसची. 35 मिमी, f/1.4, माणूस 2 मीटरवर: स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे 14 सेंटिमीटर. कलाकार जरा पुढे झुकला की डोळे फोकसबाहेर गेले. या कॅमेऱ्यात सतत चालणारा ऑटोफोकस नाही, बटण दाबलं की एकदा फोकस होतो. म्हणजे सगळी मदार फोकस रिंगवर. ती यांत्रिक असली पाहिजे, दोन्ही टोकांना थांबली पाहिजे आणि खुणेवर दरवेळी त्याच जागी आली पाहिजे. मायक्रो फोर थर्ड्सच्या (पॉकेट 4K चं माउंट हेच) बऱ्याच ऑटोफोकस लेन्सेसची रिंग नुसती मोटरला इशारा देते. ती हळू फिरवली आणि भरभर फिरवली तर फोकस वेगवेगळ्या ठिकाणी जातो. कॅननची 50 मिमी f/1.8 STM याच कारणासाठी टाळा, कितीही स्वस्त असली तरी.

सॅमयांगच्या या मालिकेत अ‍ॅपर्चर रिंग क्लिकशिवाय फिरते, फॉलो फोकससाठी (फोकस रिंग बाजूच्या चाकानं फिरवणारं साधन) दाते असतात आणि आकडा T मध्ये असतो. EF माउंट सुचवतो कारण अ‍ॅपर्चर हातानं चालत असल्यानं साधा, इलेक्ट्रॉनिक्स नसलेला अ‍ॅडॉप्टर चालतो, आणि उद्या EF माउंटचा पॉकेट 6K घेतलात तर लेन्स थेट बसते. पुढे 0.71 चा स्पीडबूस्टर (प्रतिमा लहान करून प्रकाश वाढवणारा काचेचा अ‍ॅडॉप्टर) लावलात तर हीच लेन्स साधारण 25 मिमी T1.1 होते.

एकटेच शूट करत असाल, लेन्स बदलायला वेळ नसेल, तर सिग्मा 18-35 f/1.8 आणि 0.71 बूस्टर हा जोड घ्या. तो सुमारे 13-25 मिमी, f/1.3 होतो, फुल फ्रेमच्या (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत अंदाजे 24-47. झूम करताना लेन्सची बाहेरची लांबी बदलत नाही. पण अ‍ॅपर्चर इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे बूस्टरही इलेक्ट्रॉनिकच हवा. लेन्स 810 ग्रॅमची असल्यानं रॉडवर आधार द्या, नाहीतर फोकस ओढताना अ‍ॅडॉप्टरच्या सैलपणानं फ्रेम हलते. आणि स्टॅबिलायझेशन ना लेन्समध्ये, ना कॅमेऱ्यात.

ND फिल्टरचे (प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेचे) पैसे बाजूला ठेवाच, बहुतेक जण इथेच फसतात. कडक उन्हात ISO 400, 1/50 शटर आणि f/1.8 म्हणजे जवळपास 9 स्टॉप प्रकाश कापावा लागतो. पॉकेट 4K मध्ये अंगचा ND नाही. साधा गडद ND लावलात तर इन्फ्रारेड आत शिरतं आणि काळे कपडे तपकिरी दिसतात. IR कापणारा ND घ्या. 82 मिमीचा एकच संच आणि स्टेप-अप रिंगा पुरतात.

याहून स्वस्तात हवं असेल तर निकॉनच्या जुन्या Ai-S मॅन्युअल लेन्सेस, विशेषतः 50 मिमी f/1.4. निकॉन F चं फ्लॅंज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) 46.5 मिमी, EF चं 44, म्हणून मध्ये साधी रिंग बसते. कॅनन FD चं 42 मिमी. ती मायक्रो फोर थर्ड्सवर छान चालते, पण EF कॅमेऱ्यावर गेलात की अडली. नावात G असलेल्या निकॉन लेन्सला अ‍ॅपर्चर रिंगच नसते.

जुनी लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या हवेत ती हमखास मिळते आणि काचेचं कोटिंग खाते. पात्यांवर तेल नको. अ‍ॅडॉप्टर लावून दूरचा दिवा अनंतावर स्पष्ट होतो का ते बघा. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडे आखूड बनवतात, त्यामुळे लेन्सवर 2 मीटर लिहिलेलं असतं तिथे फोकस पडत नाही. तेव्हा छापील आकड्यांवर न जाता टेप लावून अंतर मोजा आणि फोकस रिंगवर स्वतःच्या खुणा करा.