यवतमाळकडच्या खेड्यात घरी खाऱ्या पाण्याचा रीफ टँक जमेल का?

रीफ टँक म्हणजे पोवळी अन् समुद्री मासे ठेवायची टाकी. जमेल, आपल्याकडे समुद्र लांब असणं ही अडचण नाहीच. टाकीसाठीच्या समुद्री मिठाचं पाकीट कुरिअरने येते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला ७ किलो. खरी गोची मे महिन्याची. पोवळ्यांना २५-२६ अंश लागते अन् आपल्या खोलीत रात्रीही पारा उतरत नाही. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, घ्यायची तयारी नसेल तर नाद सोडा.

बोअरचं पाणी थेट नको, क्षार फार. आरओ-डीआय फिल्टरमधून गाळून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. उन्हाळ्यात पाणी भराभर उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच. मी सुरुवातीला खारं पाणी ओतत गेलो अन् आठवड्यात मासे गमावले. टाकीतल्या पाण्याची घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५ च्या आसपास ठेवा.

लाइन गेली की पाण्यातला ऑक्सिजन घटतो, बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या. मासे सोडायच्या आधी ४ ते ६ आठवडे पाणी भरलेली टाकी माशांशिवाय चालू द्या, अमोनिया अन् नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्य होईपर्यंत.

अन् हो, दगडी पोवळी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.