एका संग्रहातल्या शंभर-सव्वाशे पीडीएफ एकदम कशा उतरवायच्या

तुमचा प्रश्न असा आहे की इंटरनेट आर्काइव्हवर एका जुन्या मासिकाचे १२० अंक कोणीतरी एकत्र चढवून ठेवलेत, ते सगळे हवेत आणि एकेका अंकावर क्लिक करत बसायची तयारी नाही. ब्राउझर फायरफॉक्स. एकदम बऱ्याच फाइली उतरवणारं डाउनदेमऑल हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) टाकलं, पण यादीत 'भलताच कचरा' येतो.

एक्स्टेन्शन तुम्ही योग्यच निवडलंय. अडचण पान चुकल्याची आहे. डाउनदेमऑलला फाइली दिसत नाहीत, उघड्या पानावरच्या लिंका दिसतात. संग्रहाच्या मुख्य पानावर मेनू, शेअरची बटणं, 'हेही पाहा' अशा ढीगभर लिंका असतात, म्हणून तो कचरा. त्याच पानावर उजवीकडे डाउनलोडच्या पर्यायांखाली 'शो ऑल' आहे, ते दाबा. फाइलचं नाव, तारीख आणि आकार एवढीच साधी यादी उघडेल. एक्स्टेन्शन चालवायचं ते या पानावर. उजवं क्लिक, डाउनदेमऑल, की निवडीची खिडकी येते.

आता गाळणी. या यादीत पीडीएफबरोबर पानांच्या चित्रांच्या झिप, ओसीआरचा (चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखून काढलेला) मजकूर, एक्सएमएल असं बरंच असतं. खालच्या 'फास्ट फिल्टरिंग'मध्ये पीडीएफचा फिल्टर लावा आणि 'डिसेबल अदर्स'वर खूण करा, म्हणजे आधीपासून निवडलेले इतर फिल्टर मध्ये येणार नाहीत. तरीही अंक १२० आणि निवड २४० दिसली तर दचकू नका. काही संग्रहांत मूळ पीडीएफशिवाय नावाच्या शेवटी 'अंडरस्कोर टेक्स्ट' असलेली दुसरी पीडीएफही असते. तिच्यात शोधता येणारा मजकूर घातलेला असतो. मराठीचं ओसीआर बरं झालंय का, हे एक अंक उघडून एखादा शब्द शोधून पाहा. झालं असेल तर फक्त तीच घ्या. अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं दिसली तर मूळ फाइल बरी.

सगळं एकदम सुरू करण्याआधी दोनच अंक उतरवून उघडून बघा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. अंकामागे ३५ एमबी धरले तरी १२० अंकांचे चार जीबीच्या वर जातात. एवढं उतरल्यावर चूक कळण्यात अर्थ नाही. एका वेळी दोन-तीनच फाइली चालू ठेवा. जास्त लावल्या म्हणून वेग वाढतोच असं नाही, उलट सर्व्हर विनंत्या नाकारायला लागतो. आर्काइव्ह देणग्यांवर चालतं, आपण तिथे गर्दी करू नये.

उतरवून झालं की फोल्डर आकारानुसार लावा. बाकी अंक ३०-४० एमबीचे आणि एखादा पाच-सात केबीचा दिसला, तर तो बहुधा अंक नसून पीडीएफच्या नावाने साठवलेलं एररचं पान असतं. तेवढेच पुन्हा उतरवा. शंका असेल तर 'शो ऑल'च्या यादीतला आकार ताडून पाहा.

डाउनदेमऑलवरचे जुने लेख वाचून काही अपेक्षा मात्र ठेवू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या घडणीची एक्स्टेन्शन्स बंद पडली, त्यात हेही होतं. २०१९ मध्ये ते नव्याने लिहून परत आलं, पण एका फाइलचे तुकडे करून उतरवणं आता जमत नाही आणि फाइली डाउनलोड्सच्या फोल्डरातच जातात, फार तर आत उपफोल्डर करता येतो. दुसऱ्या डिस्कवर हव्या असतील तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये तो फोल्डर तात्पुरता बदला.

कोणी त्याच कामाचं दुसरं 'फास्ट' एक्स्टेन्शन सुचवलं तर आधी ते कोण सांभाळतं ते बघा. अशा एक्स्टेन्शनला तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानात डोकावायची परवानगी द्यावी लागते, बँकेचं पानही त्यात आलं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोम ब्राउझरचं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून ते काढून टाकलं. डाउनदेमऑलचा कोड खुला आहे, आणि तरीही ते मोझिलाच्या अधिकृत पानावरूनच घ्यावं.

शेवटचा मुद्दा, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेली मराठी पुस्तकं आर्काइव्हवर एकाच पानावर नसून प्रत्येक पुस्तकाचं पान वेगळं आहे. शोधाच्या निकालांवर डाउनदेमऑल चालवून तिथे पीडीएफ हाती लागणार नाहीत, कारण त्या पानावर पीडीएफच्या लिंकाच नसतात. पाच-दहा पुस्तकं असतील तर हाताने घ्या. शेकड्यांनी हवी असतील तर आर्काइव्हचंच 'आयए' नावाचं कमांड लाइनचं (ब्राउझरबाहेर, आज्ञा टाइप करून चालवायचं) साधन आहे, त्याला शोध आणि 'फक्त पीडीएफ' एवढं सांगितलं की ते एकेका पानावर जाऊन आणतं. तुमचे १२० अंक मात्र ब्राउझरमधूनच होतील, त्यासाठी आयए शिकायची गरज नाही.