जुन्या ट्रेडिंग कार्डांना, म्हणजे जमवायच्या-खेळायच्या चित्रांच्या कार्डांना, आता एवढी मागणी का?
आठवणींमुळेच, पण त्याला टंचाईची जोड आहे. पोकेमॉनची इंग्रजी कार्डं १९९९ साली आली. तेव्हा खाऊच्या पैशांतून एखादं पाकीट घेणारी पोरं आता पस्तिशी-चाळिशीत, कमावती आहेत. तेव्हा हुकलेला चमकता चारिझार्ड (ड्रॅगनसारख्या पोकेमॉनचं कार्ड) ती आता घेतात. त्यातून बहुतेक कार्डं खिशात कोंबून, कोपरे झिजून गेलेली, म्हणून कोऱ्या करकरीत कार्डाला भलताच भाव.

‘मॅजिक द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळात तर कंपनीने १९९६ साली ठरावीक जुनी कार्डं पुन्हा न छापण्याचा शब्दच दिला. शिवाय फक्त १९९३-९४ च्या कार्डांवर डाव मांडणारे खेळाडू आहेत. एखादं कार्ड नव्याने छापलेलं मिळत असलं, तरी त्यांना कार्डावरच्या चित्राभोवतीची जुनी चौकटच हवी असते (आणि खरं सांगू, ती दिसतेही देखणी).