कोई पॉन्डच्या तीन ड्रममध्ये फिल्टर मीडिया कोणत्या क्रमाने लावावा?

तुम्ही लिहिलंय: गुहागरला कोई माशांचा ५,००० लिटरचा पॉन्ड, पाणी गाळायला २०० लिटरचे तीन ड्रम, पाणी विहिरीचं, आणि गवंडी म्हणतोय पहिल्या ड्रममध्ये जांभ्याचे तुकडे भरा.

जांभा नको. यावरून आमच्या मेव्हण्यांशी माझा जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, जांभ्याला भोकं असतात, त्यात माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया राहतात, शिवाय फुकट मिळतो. भोकं असतात, कबूल. पण सगळी घाण आधी पहिल्याच ड्रममध्ये येते आणि ती भोकं बुजतात. वर तांबडी माती सुटते. धुवायचं तर अख्खा ड्रम उपसावा लागतो, म्हणून कोणी धूत नाही. मग तळाचा गाळ कुजून सडक्या अंड्यांचा वास येतो. खडीचंही तेच.

पहिला ड्रम जवळजवळ मोकळा ठेवा. पाणी कडेने तिरकं सोडलं की ते गोल फिरतं आणि गाळ मधोमध बसतो. वर ब्रश टांगा, तळाला वॉल्व्ह.

दुसऱ्यात फोम. पाणी खालून वर चढत असेल तर जाड भोकांचा खाली, बारीक वर. बरेच जण उलट लावतात आणि बारीक फोम लगेच चोंदतो. ड्रमपेक्षा सेंटीमीटरभर मोठा कापा, नाहीतर पाणी कडेच्या फटीतून पळतं. फोम फारच स्वच्छ दिसत असेल तर खूश होऊ नका, हेच झालंय. खाली जाळी आणि जाळीखाली वीतभर मोकळी जागा हवीच.

तिसऱ्यात बॅक्टेरियांना राहायला सिरॅमिक रिंग, खाली एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). किती किलो, ते खाद्यावर ठरतं, आणि मासे किती, खाद्य किती हे तुम्ही लिहिलेलंच नाही. पंप मात्र ताशी २,५०० लिटरच्या खाली नको. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं. त्या पाण्याने रिंग धुतल्या तर बॅक्टेरिया मरतात. पॉन्डचंच पाणी बादलीत घेऊन खळबळून काढा.

शेवटी, बाहेर जाणाऱ्या पाइपाशी, कालवांचे उकळून वाळवलेले शिंपले कांद्याच्या जाळीदार पिशवीत. जांभ्याच्या भागातलं पाणी बहुधा मऊ असतं आणि हे बॅक्टेरिया केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) खात राहतात. त्यात पाऊस पडला की पीएच कोसळतो. शिंपले सावकाश विरघळतात, म्हणून तातडीला खाण्याचा सोडा: ५,००० लिटरला ८५ ग्रॅम टाकला की केएच साधारण १० पीपीएम वाढतो.

अर्थात विहीर समुद्राला लागून असेल तर आधी केएच तपासा. तो मुळात जास्त निघाला तर शिंपल्यांची गरज नाही. आणि लाइट बराच वेळ गेली असेल तर पंप सुरू करण्याआधी तिन्ही ड्रममध्ये साचून खराब झालेलं पाणी तळाच्या वॉल्व्हने बाहेर सोडा, पॉन्डमध्ये नाही.