कोणाच्या लेखी?

नागपूर, रविवार सकाळ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पेपर घेऊन आलीस, चहा होईस्तोवर तुझ्या बाबांचा फोन आला आणि आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं. तू गेलीस, पण प्रश्न इथेच राहिला. म्हणून हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण ही गोष्ट हाती कागद घेऊन, थांबत थांबत वाचायची आहे.

गणित असं होतं: गाडी वळणावर जातेय आणि आरशाला दोऱ्याने टांगलेली किल्ली बाहेरच्या अंगाला झुकलीय. तू आकृतीत किल्लीचं वजन काढलंस, दोऱ्याचा ताण काढलास, वळणाच्या मध्याकडे अभिकेंद्री बल काढलंस आणि उलट्या दिशेने अपकेंद्री बलही काढलंस. कॉलेजच्या सरांनी लाल शाईने लिहिलं, ‘अपकेंद्री बल नसतंच.’ क्लासच्या सरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं की अपकेंद्री बल घाला, गणित दोन ओळींत सुटतं. आणि तू मला विचारलंस, “मॅडम, मग खोटं कोण बोलतंय?”

खोटं कोणीच बोलत नाही. दोघांनीही एक वाक्य मनातच ठेवलं, एवढंच. आपण कुठे उभं राहून बघतोय, ते वाक्य. एक सर रस्त्यावर उभे आहेत, दुसरे गाडीत बसले आहेत. पुस्तकात याला संदर्भ चौकट म्हणतात, तुम्ही मुलं ‘फ्रेम’ म्हणता. फ्रेम म्हण, हरकत नाही, पण ती प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायची सवय लाव.

आकडे घालून बघू. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. वळणाची त्रिज्या ५० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. किल्ली ५० ग्रॅमची धर. तिचं वजन ०.४९ न्यूटन आणि दोऱ्याचा ताण साधारण ०.५० न्यूटन. दोरा उभ्या रेषेपासून साडेअकरा अंशांच्या आसपास कलतो.

आता रस्त्यावर उभी राहा. तुझ्या लेखी किल्ली वर्तुळात फिरतेय. तिला धरणारे दोघेच आहेत, पृथ्वी आणि दोरा. तिसरं कोणी तिला हातही लावत नाही. ताणाचा उभा भाग वजन पेलतो आणि आडवा भाग, ०.१ न्यूटन, तिला मध्याकडे ओढतो. ०.०५ किलो गुणिले २, हिशोब तंतोतंत जुळला. म्हणजे अभिकेंद्री बल असं वेगळं काही नव्हतंच. मी वर्गात सांगायची की अभिकेंद्री हा हुद्दा आहे. इथे त्या हुद्द्यावर दोऱ्याचा ताण बसलाय, गाडीसाठी टायरचं घर्षण बसतं, चंद्रासाठी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. माणूस आणि त्याचा हुद्दा अशी दोन माणसं मोजायची नसतात.

मग गाडीत बस. आता किल्ली तुझ्यासमोर तिरकी, पण अगदी स्थिर टांगलेली आहे. दोरा तर तिला अजूनही ०.१ न्यूटनने आत ओढतोय. मग ती हलत का नाही? न्यूटनचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तुझी फ्रेम स्वतःच वळतेय. तो लागू करायचा असेल तर बाहेरच्या दिशेने ०.१ न्यूटन आपल्या हाताने मांडावा लागतो. हेच अपकेंद्री बल. ते कोण लावतं? कोणीच नाही. त्याची प्रतिक्रिया कोणावर होते? कोणावरच नाही. बल ओळखायची ही माझी जुनी कसोटी आहे: कोण, कोणावर? उत्तर मिळालं नाही तर समजावं की ते बल फ्रेमने आणलंय.

तुझी चूक म्हणजे तू दोन्ही डगरींवर हात ठेवलास. अपकेंद्री बल गाडीतून घेतलंस आणि अभिकेंद्री रस्त्यावरून. उत्तर योगायोगाने बरोबर आलं. अशी बरोबर उत्तरं मला चुकलेल्या उत्तरांपेक्षा जास्त काळजीची वाटतात.

एक मात्र सांगायलाच हवं. फ्रेमने आणलेल्या अशा बलाला ‘आभासी बल’ म्हणतात, आणि हा शब्द ऐकून मुलांना वाटतं की हे सगळं मनाचे खेळ. ऑटो जोरात वळला आणि तुझा खांदा दांडीवर आपटला, तर ते दुखणं आभासी नसतं. ऑटोतली तू म्हणशील, मी बाहेर फेकले गेले. फुटपाथवरचा माणूस म्हणेल, ती सरळच जात होती, दांडी वळून तिच्या खांद्यावर आली. खांद्याला दांडी लागली, यावर दोघांचं एकमत आहे. घडलं ते घडलं. ते का घडलं याची कहाणी फ्रेमप्रमाणे बदलते. म्हणूनच ‘सगळं सापेक्ष असतं’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. वेग सापेक्ष, गतिज ऊर्जा सापेक्ष. ताशी ७२ किलोमीटरने जाणाऱ्या मेट्रोत तुझ्या मांडीवरच्या एक किलोच्या डब्याची गतिज ऊर्जा तुझ्या लेखी शून्य आणि फलाटावरच्या माणसाच्या लेखी २०० ज्यूल. पण दोरा तुटला की नाही, हे कोणत्याही फ्रेममधून बघ, उत्तर एकच.

हा धडा मला कसा मिळाला, तेही सांगते. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. सगळ्यांना अवघड समीकरणं विचारत होते. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, “तुम्ही आत्ता किती वेगाने जाताय?” मी खुर्चीत बसले होते. म्हटलं, “शून्य.” ते म्हणाले, “कोणाच्या लेखी?” आणि खडू माझ्या हातात दिला. विषुववृत्तावर पृथ्वी सेकंदाला साधारण ४६५ मीटर फिरते, नागपूरचा अक्षांश सव्वाएकवीस अंशांच्या जवळपास, त्याच्या कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणलं. सेकंदाला ४३४ मीटर, पूर्वेकडे. आवाजापेक्षा जास्त वेगाने मी त्या खुर्चीत बसले होते. सूर्याच्या लेखी बघितलं तर पृथ्वीसोबत सेकंदाला ३० किलोमीटर. त्या दिवसापासून ‘कोणाच्या लेखी’ हे दोन शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहीत आले.

तू झिरो माइलच्या जुन्या मोजणीच्या खांबावरून रोज जातेस. तिथल्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. नागपुरात समुद्र कुठे आहे? शेकडो किलोमीटर दूर. पण ‘किती उंच’ याला अर्थ यावा म्हणून मोजणी करणाऱ्यांनी शून्य कुठे धरायचं ते आधी ठरवलं. शून्य हलवलं तर आकडे बदलतात, सीताबर्डीची टेकडी काही बदलत नाही. फ्रेम निवडण्याची ही सगळ्यात सोपी पायरी. फ्रेम एकसारख्या वेगाने सरळ चालू लागली की वेग बदलतात, पण नियम तसेच राहतात. फ्रेम वळली किंवा वेग वाढवू लागली की नियमांतच भर घालावी लागते. तुझं गणित या शेवटच्या जातीचं होतं.

मधली पायरी आर्यभटाने फार सुंदर सांगितली आहे. इसवी सन ४९९, वय २३. तो म्हणतो, नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरतेय ती पृथ्वी. पुढच्यांना हे पटलं नाही. वराहमिहिराने विचारलं की पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेली घार आपल्या घरट्याकडे परत कशी आली असती? ब्रह्मगुप्तानेही विरोध केला. या आक्षेपांना हसू नकोस. प्रश्न अस्सल आहे, आणि त्याचं नीट उत्तर यायला फार काळ जावा लागला. १६३२ साली गॅलिलिओने जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण दिलं. आत फुलपाखरं उडताहेत, टांगलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडतंय. जहाज संथपणे, एका वेगाने चालत असेल तर आतल्या कशावरूनही ते चाललंय की उभं आहे हे कळणार नाही. घार पृथ्वीचा वेग घेऊनच उडते, हवाही तोच वेग घेऊन वाहते, म्हणून घरटं तिला सापडतं.

पण इथे थांबून विचार कर, कारण माझ्या मते या विषयातली सगळ्यात गोड जागा हीच आहे. एकसारख्या वेगाच्या नावेत ‘मी चालतेय की काठ?’ याचा निकाल लागतच नाही. म्हणजे आर्यभटाच्या नावेने शक्यता दाखवली, पुरावा नाही दिला. पुरावा मिळू शकला, कारण पृथ्वी सरळ जाणारी नाव नाही, ती स्वतःभोवती फिरते. आणि फिरणारी फ्रेम लपून राहत नाही. १८५१ साली फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला जड गोळा टांगून झोका दिला. झोक्याची रेषा हळूहळू वळत गेली. तिथे एक फेरा पूर्ण व्हायला साधारण ३२ तास लागतात. तसाच लंबक नागपुरात टांगला तर सुमारे ६६ तास, विषुववृत्तावर मात्र रेषा वळणारच नाही. बाहेर न डोकावता, एकही तारा न बघता, बंद खोलीत कळतं की जमीन फिरतेय.

मग आपण रोजची गणितं सोडवताना जमीन स्थिर कशी धरतो? कारण नागपुरात या फिरण्यामुळे येणारं त्वरण ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास आहे. गुरुत्वाच्या ९.८ पुढे ते एक शतांशाच्या एक तृतीयांशाइतकं भरतं. चेंडू, गाडी, किल्ली यांना ते चालून जातं. तासन्‌तास झुलणाऱ्या लंबकाला किंवा बंगालच्या उपसागरातल्या वादळाला चालत नाही. ते वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, ते पृथ्वीच्या या फिरण्यामुळेच. कोणती फ्रेम ‘पुरेशी चांगली’ हे प्रश्न बघून ठरवायचं असतं, आणि हे ठरवता येणं हीच भौतिकशास्त्रातली खरी समज आहे असं मला वाटतं.

आता एक काम. दोऱ्याला किल्ली बांध, दोरा ३० सेंटिमीटर ठेव, आणि झिरो माइलहून खापरीकडे जाणारी मेट्रो पकड. गर्दीची वेळ टाळ. हात सीटच्या दांडीला टेकवून दोरा धर आणि मागे पुठ्ठ्यावर कोनमापक चिकटव. गाडी निघताना किल्ली मागे जाईल. ती ३ सेंटिमीटर मागे गेली तर त्वरण साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग, कोन सहा अंशांच्या जरासा खाली. दोन स्टेशनांच्या मध्ये वेग स्थिरावला की दोरा घरच्यासारखा उभा होईल. तीच गॅलिलिओची खोली. ब्रेक लागला की किल्ली पुढे. दर स्टेशनला आकडा लिही, आणि सीताबर्डीच्या आधी-नंतरच्या वळणांवर ती आडवी किती झुकते तेही बघ.

परतताना किल्लीऐवजी कुलूप बांध. कोन तोच येतो का ते बघ. येईल. आभासी बल वस्तुमानाच्या पटीत असतं, वजनही वस्तुमानाच्याच पटीत असतं, म्हणून हलकं-भारी सगळं सारखंच कलतं. डोळे मिटून बसलीस तर तुला सांगता येणार नाही की गाडी वेग घेतेय की कोणी सगळा डबा मागे कलवून ठेवलाय. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या आइनस्टाइनला असंच काहीसं सुचलं होतं: छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना आपलं वजन जाणवणार नाही. मग गुरुत्वाकर्षण आणि वेग घेणारी फ्रेम यांत फरक तरी काय, हा प्रश्न त्याने आठ वर्षं सोडला नाही. १९१५ साली त्यातून सामान्य सापेक्षता सिद्धान्त उभा राहिला. एवढ्या मोठ्या गोष्टीचं टोक तुझ्या हातातल्या दोऱ्याला बांधलेलं आहे. मला हे शिकवताना दरवर्षी अंगावर काटा यायचा, आणि आज लिहितानाही आलाय.

सरांकडेही जा. लाल रेघेबद्दल वाद घालायला नको. त्याच गणिताच्या दोन आकृत्या काढून ने. एकीवर लिही ‘रस्त्यावरून’, तिच्यात दोन बलं. दुसरीवर लिही ‘गाडीतून’, तिच्यात तीन. चार बलांची आकृती फाडून टाकू नकोस, वहीतच ठेव आणि बाजूला तारीख घाल.

एक प्रश्न उरला. तुझ्या काकांच्या गाडीत बसशील तेव्हा फुटाळा तलावावरून वर उडणारा गॅसचा फुगा घे, त्याचा दोरा सीटच्या मधोमध बांध आणि सगळ्या काचा बंद कर. गाडी वेग घेताना किल्ली मागे जाते, हे तुला ठाऊक आहे. फुगा कुठे जाईल? आधी कागदावर उत्तर लिही, कारणासकट, आणि लिहिताना गाडीतल्या हवेलाही वस्तुमान असतं हे लक्षात ठेव. कागद घडी घालून काकूंकडे दे, मग गाडी काढा. पुढच्या रविवारी दहानंतर मी घरीच आहे. कोनांची वही आणि तो घडी केलेला कागद, दोन्ही घेऊन ये.

तुझी,
मॅडम